जपानी गेमच्या डबीवरचं अक्षर कसं वाचायचं

गेल्या दिवाळीत माझा एक मित्र ओसाकाहून सुट्टीवर आला. येताना माझ्या भाच्यासाठी निन्टेंडो स्विचचा एक गेम घेऊन आला. डबीवर गुलाबी, गुबगुबीत कर्बी तोंडात अख्खी मोटार कोंबून बसलेला. यापेक्षा निरागस चित्र सापडणं अवघड. ताईनं डबी हातात घेतली, खालच्या डाव्या कोपऱ्यातलं ठसठशीत अक्षर पाहिलं आणि माझ्यावरच उखडली. "अरे, 'ए' आहे हा! आठ वर्षांच्या पोराला 'ए' आणून देतोस?"

सिनेमाच्या पोस्टरवर 'ए' बघत लहानाची मोठी झालेली बाई दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. जपानी गेमवर मात्र 'ए' म्हणजे सगळ्या वयांना चालेल असा. आपल्या 'ए'चं काम तिथे 'झेड' करतो. ताईची समजूत पटायला दहा मिनिटं लागली. तेव्हा लक्षात आलं की घरोघरी स्विच आणि प्लेस्टेशन आले, अ‍ॅनिमे बघणाऱ्या मुलांना जपानी गेम तोंडपाठ झाले, पण डबीवरचं ते अक्षर वाचायला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून हा लेख. ज्या क्रमानं मी स्वतः गेम तपासतो, त्याच क्रमानं लिहितोय.

पहिली पायरी: चिन्ह कुणाचं ते आधी बघा

अक्षर वाचण्याआधी ते कुणी छापलंय ते बघायचं. अर्धे घोळ इथेच मिटतात.

जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या कन्सोल गेमवर सेरोचं चिन्ह असतं. सेरो म्हणजे कॉम्प्युटर एंटरटेनमेंट रेटिंग ऑर्गनायझेशन. ही संस्था २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. ती सरकारी नाही. गेम बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं पुढाकार घेऊन ती उभी केली. म्हणजे सेन्सॉर बोर्डासारखा कायद्याचा शिक्का नव्हे, उद्योगानं स्वतःला लावून घेतलेला नियम. पण पकड घट्ट आहे, कारण सेरोचं रेटिंग नसेल तर निन्टेंडो, सोनी, मायक्रोसॉफ्ट तो गेम जपानी दुकानात डबीतून विकूच देत नाहीत.

तोच गेम अमेरिकेसाठी छापला की त्यावर ईएसआरबी या तिथल्या रेटिंग संस्थेचं चिन्ह येतं: उभा काळा-पांढरा चौकोन आणि त्यात किंचित तिरकं अक्षर. 'ई' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ई १०+' म्हणजे दहा वर्षांपासून पुढे, 'टी' तेरापासून, 'एम' सतरापासून. युरोपची आवृत्ती असेल तर पेगी या तिथल्या संस्थेचं चिन्ह: रंगीत चौकोनात सरळ आकडा, ३, ७, १२, १६ किंवा १८. हिरव्यात ३ आणि ७, नारिंगीत १२ आणि १६, लालमध्ये १८.

भारतात गेमसाठी सिनेमासारखं सरकारी प्रमाणपत्र नाही. त्यामुळे इथे दुकानात प्लेस्टेशनची डिस्क घेतली तर तिच्यावर पेगी किंवा ईएसआरबीचं चिन्ह दिसतं. स्विचचा माल बहुतेक बाहेरून आलेला, म्हणून एकाच फळीवर तिन्ही प्रकारच्या डब्या शेजारी शेजारी सापडतात. तुमचं कुणी जपानात असेल, निशि-कासाईत किंवा योकोहामात, तर सेरोवाली डबी घरी येणार हे धरूनच चाला. तीन संस्थांच्या तीन वर्णमाला आहेत. एकीचं अक्षर दुसरीच्या नियमानं वाचलं की ताईसारखं होतं.

दुसरी पायरी: पाच अक्षरं, पाच रंग

सेरोची अक्षरं पाचच आहेत, आणि प्रत्येकाला एक रंग आहे.

'ए' काळा, सर्व वयांसाठी. 'बी' हिरवा, १२ वर्षं आणि पुढे. 'सी' निळा, १५ आणि पुढे. 'डी' नारिंगी, १७ आणि पुढे. 'झेड' लाल, १८ पूर्ण झालेल्यांनाच.

जपानी वाचता येत नसलं तरी अडत नाही. अक्षराच्या पट्टीत वयाचा आकडा आपल्या ओळखीच्या इंग्रजी अंकांतच छापलेला असतो. बारा आणि पंधरा या पायऱ्या तिथल्या शाळेच्या टप्प्यांवर बरोब्बर बसतात: बाराव्या वर्षी प्राथमिक शाळा संपते, पंधराव्या वर्षी माध्यमिक. मी तर घरी तसंच सांगतो. 'बी' म्हणजे सहावी संपल्यावर, 'सी' म्हणजे नववी-दहावीच्या पुढे. वयाच्या आकड्यापेक्षा इयत्ता लवकर डोक्यात बसते.

एक भेद मात्र नीट समजून घ्या. 'ए' ते 'डी' या चार अक्षरांनी विक्री अडत नाही. दहा वर्षांच्या मुलानं 'डी' गेम काउंटरवर ठेवला तर दुकानदार तो देऊ शकतो. ती शिफारस आहे. 'झेड' तसा नाही. तो अठराच्या आतल्याला विकायचा किंवा वाटायचा नाही, वेगळ्या कप्प्यात ठेवायचा, शंका आली तर ओळखपत्र मागायचं, असा दंडक आहे.

हा दंडक का आला तेही सांगतो, कारण जुन्या डिस्क जमवणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. ऑक्टोबर २००२ मध्ये रेटिंग सुरू झालं तेव्हा अक्षरं नव्हतीच. सर्व वयं, १२, १५ आणि १८ अशा चारच पायऱ्या होत्या, आणि अठराचा शिक्कासुद्धा निव्वळ शिफारस होता. २००५ मध्ये कानागावा प्रांतानं 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' हा गेम तरुणांसाठी हानिकारक म्हणून जाहीर केला आणि अल्पवयीनांना त्याची विक्री बंद केली. उद्योगाला धडकी भरली. आज एक प्रांत, उद्या सगळे, आणि प्रत्येकाचा नियम निराळा. त्यापेक्षा आपणच कुंपण घालू, असा विचार झाला आणि मार्च २००६ पासून आजची पाच अक्षरं आली. म्हणून प्लेस्टेशन २ च्या काळातल्या एखाद्या जपानी डबीवर अक्षराऐवजी नुसता '१८' दिसला तर ती नकली नाही, जुनी आहे. तो आजच्या हिशेबात 'डी' की 'झेड', हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी अशी डिस्क सरळ झेड धरतो.

अक्षरांखेरीज तीन चिन्हं अधूनमधून दिसतात. गेमच्या जाहिरातीत 'परीक्षण व्हायचं आहे' असं चिन्ह असतं. मूल ट्रेलर दाखवून हट्ट करत असेल तर त्या चिन्हाकडे बोट दाखवून थांबायला सांगता येतं. दुसरं, फुकट चाचणी आवृत्तीवर 'नियमांत बसतो' एवढंच सांगणारं चिन्ह असतं. त्यातून वय कळत नाही. तिसरं शिक्षण आणि माहितीकोश प्रकारच्या सॉफ्टवेअरवर. तिथे काळजीचं काही नाही.

तिसरी पायरी: डबी उलटी करा

पुढचं अक्षर सगळे बघतात. खरी माहिती मागे आहे आणि ती कुणीच बघत नाही.

मागच्या बाजूला छोटी चौकोनी चित्रं असतात. एकूण नऊ प्रकार: प्रेमसंबंध, लैंगिक आशय, हिंसा, भीती, दारू-सिगारेट, जुगार, गुन्हा, अमली पदार्थ, आणि शेवटचं भाषा व इतर. कशामुळे ते अक्षर मिळालं, हे ही चित्रं सांगतात.

दोन गेम 'सी' असू शकतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. एकावर हिंसेचं चित्र, कारण त्यात अजस्र प्राण्यांची शिकार आहे. दुसऱ्यावर प्रेमसंबंध, लैंगिक आशय आणि दारूचं, कारण ते कॉलेजातल्या मुलांचं कथानक आहे. माझ्या चौदा वर्षांच्या पुतणीला पहिला द्यायला मी बिचकणार नाही. दुसरा देण्याआधी तिच्या आईशी बोलेन. दुसऱ्या घरात हेच उलटं असेल. म्हणजे अक्षर सरासरी सांगतं, तुमच्या घराचा निर्णय चित्रांवरून करायचा.

चित्रांच्या मागे सेरोची यादी आहे आणि ती वाचायला गमतीची आहे. लैंगिक आशयाच्या खाली चुंबन, मिठी, अंतर्वस्त्रं दिसणं, विवाहबाह्य संबंध येतात, पोहण्याचे कपडे येतात, आणि चक्क शी-शूसुद्धा येते. हिंसेच्या खाली रक्त दिसणं, शरीराचे अवयव तुटणं, प्रेतं, मारामारी, भीती. समाजविघातक गोष्टींत गुन्हा, जुगार, अमली पदार्थ, आत्महत्या, छळ. चौथा गट भाषेचा आणि विचारसरणीचा: शिवीगाळ, भेदभाव करणारे शब्द. या प्रत्येक बाबतीत एक कमाल मर्यादा आहे. ती ओलांडली तर 'झेड'ही मिळत नाही, रेटिंगच नाकारतात. २०२२ मध्ये 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' या भयपटासारख्या गेमचं असंच झालं. रेटिंग मिळेना, आणि बदल केला तर गेममध्ये राम राहणार नाही असं म्हणून बनवणाऱ्यांनी जपानमधली विक्रीच रद्द केली.

चौथी पायरी: परीक्षक काय बघतो आणि काय बघत नाही

रेटिंगवर किती भिस्त ठेवायची हे ठरवायला ते कसं होतं ते माहीत हवं.

परीक्षक गेम खेळत नाहीत. कंपनीला आपल्या गेममधले नोंद घेण्यासारखे सगळे प्रसंग, विशेषतः सर्वांत टोकाचे, व्हिडिओवर घेऊन पाठवावे लागतात. ते चित्रण परीक्षक बघतात आणि प्रत्येक बाबीला स्वतंत्रपणे वय देतात. हे परीक्षक गेम कंपन्यांशी संबंध नसलेले सामान्य नागरिक असतात, वेगवेगळ्या वयांचे, प्रशिक्षण दिलेले. एका गेमला किमान तिघे. त्यांच्या निकालांवरून अक्षर ठरतं. कंपनीला मान्य नसेल तर दाद मागता येते, किंवा काही प्रसंग सौम्य करून पुन्हा पाठवता येतं. हे काम इतकं बंद खोलीतलं आहे की एप्रिल २०२० मध्ये कोविडची आणीबाणी लागली तेव्हा घरून करता येईना म्हणून सेरोनं महिनाभर परीक्षणच थांबवलं होतं.

यातून तीन गोष्टी निघतात.

एक, सर्वांत टोकाच्या प्रसंगावरून अक्षर पडतं. चाळीस तासांच्या खेळात एकच वाईट दृश्य असेल तरी ते अक्षर वर ओढतं. म्हणून 'सी' म्हणजे पदोपदी पंधराच्या वरचा मजकूर, असं नाही.

दोन, खेळायला अवघड की सोपा, हे सेरो बघतच नाही. 'ए' म्हणजे दाखवलेल्या गोष्टींवर वयाचं बंधन घालायची गरज वाटली नाही, इतकंच. त्या 'ए' गेममध्ये दोनशे पानांचं जपानी संभाषण असू शकतं, सहा वर्षांच्या मुलाला रडू येईल इतका कठीण शत्रू असू शकतो. मित्रानं आणलेल्या कर्बीत सुदैवानं भाषा बदलता येत होती, आणि निन्टेंडोच्या स्वतःच्या स्विच गेममध्ये ती बहुधा बदलता येतेच. इतर कंपन्यांचा जपानी गेम मागवताना इंग्रजी आहे का, हे आधी विचारा. नाहीतर रेटिंगची चर्चा राहते बाजूला आणि डबी राहते कपाटात.

तीन, ऑनलाइन खेळताना समोरचा माणूस काय बोलेल हे कुठल्याच रेटिंगमध्ये येत नाही. 'स्प्लॅटून ३' सेरोत 'ए' आहे, रंगांच्या पिचकाऱ्या उडवायचा खेळ. पण तो खेळता खेळता मुलं दुसऱ्या अ‍ॅपवर कुणाशी गप्पा मारतात, तिथे सेरो नसतो.

पाचवी पायरी: दुसऱ्या देशाचं मत घ्या

डॉक्टरांचं दुसरं मत घेतो तसं गेमचंही घ्यावं. कारण प्रत्येक समाजाचं बोचणारं ठिकाण वेगळं असतं.

काही उदाहरणं. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' सेरोत बी म्हणजे १२, पेगीतही १२, अमेरिकेत मात्र १०+. 'पर्सोना ५' सेरोत सी, म्हणजे १५. पेगीत १६. अमेरिकेत एम, म्हणजे १७. 'फायनल फँटसी ७ रीमेक' सेरोत १५, पेगीत १६, अमेरिकेत टी, म्हणजे १३. 'एल्डन रिंग' सेरोत डी म्हणजे १७, पेगीत १६, अमेरिकेत १७. 'फायनल फँटसी १६' जपानात १७ आणि युरोपात १८.

यात सरळ नियम शोधायला जाल तर फसाल. कुठे जपान कडक, कुठे अमेरिका. पण एक ढोबळ कल दिसतो. शरीर छिन्नविच्छिन्न होणं, मुंडकं उडणं, आतडी दिसणं याला जपानी परीक्षक फार बिचकतात. अर्धवट कपड्यांतल्या नायिका, चावट विनोद यांना ते तुलनेनं सैल सोडतात. शिव्यांचं अमेरिकेला मोठं वावडं. आणि जुगाराचं युरोपला. पोकेमॉनच्या जुन्या गेममध्ये नाणी टाकून खेळायची स्लॉट मशीन होती. 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर' २०१० मध्ये जपानबाहेर आले तेव्हा ती काढून त्या जागी पत्ते उलटण्याचं कोडं घातलं गेलं. जपानी आवृत्तीत स्लॉट मशीन तशीच राहिली.

आपल्या घराला काय बोचतं? माझा अनुभव असा की मराठी आईबाप मारामारीकडे कानाडोळा करतात आणि चुंबनाला दचकतात. त्यांनी सेरोचं अक्षर एक पायरी कडक धरावं आणि प्रेमसंबंध, लैंगिक आशय ही दोन चित्रं नक्की बघावीत. रक्ताचं ज्यांना वाटतं त्यांना सेरोवर जास्त विसंबता येईल.

हे प्रत्यक्ष करायला पाच मिनिटं लागतात. सेरोच्या संकेतस्थळावर गेमचं नाव घालून शोधता येतं: अक्षर आणि कारणाची चित्रं दोन्ही मिळतात. मग ईएसआरबीच्या संकेतस्थळावर तेच नाव घाला. तिथे रेटिंगचा सारांश म्हणून एक परिच्छेद असतो, आणि पालकांसाठी यापेक्षा कामाचा मजकूर मला कुठे सापडलेला नाही. कुठलं पात्र कुठल्या शस्त्रानं लढतं, रक्त उडतं की नुसता धूर होतो, कुठली शिवी येते, कपडे कसे आहेत, सगळं कोरड्या वाक्यांत. ते वाचून झालं की यूट्यूबवर त्याच गेमचा बडबड नसलेला खेळ वीस मिनिटं बघा. सुरुवातीचा नको, मधला बघा. सुरुवात नेहमी गोड असते.

नाव शोधताना एक अडचण येते. जपानी नाव आणि बाहेरचं नाव वेगळं असू शकतं. जगाला 'रेसिडेंट ईव्हिल' म्हणून माहीत असलेली मालिका जपानात 'बायोहॅझर्ड' आहे. 'याकुझा' मालिकेचं तिथलं नाव 'र्यू गा गोतोकु'.

सहावी पायरी: एकच नाव, दोन डिस्क

बायोहॅझर्डचं नाव निघालंच आहे तर या सापळ्याबद्दल सांगतो. दुकानदारांनाही तो माहीत नसतो.

जपानात काही गेम दोन आवृत्त्यांत निघतात. २०१७ चा 'बायोहॅझर्ड ७' एक साधा, 'डी' अक्षराचा, आणि दुसरा 'ग्रोटेस्क' आवृत्ती म्हणून, 'झेड' अक्षराचा. नाव तेच, गोष्ट तीच, पण साध्या आवृत्तीत अंगावर येणारी दृश्यं झाकलेली. २०२३ ला नव्यानं बनवलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' चंही तसंच, 'डी' आणि 'झेड' वेगवेगळे. मुलानं एखाद्या अमेरिकन यूट्यूबरचा खेळ बघून मागणी केली असेल आणि तुम्ही जपानहून 'डी' डिस्क मागवली, तर दोघांचा गेम एक नाही. पोरगं म्हणणार, मामा, हा कापलेला आहे. त्यात त्याचं चुकत नाही.

उलटही घडतं. बाहेरचा गेम जपानात येताना बदलतो. 'फॉलआउट ३' मध्ये एक अख्खं गाव अणुबॉम्बनं उडवायचा पर्याय आहे. जपानी आवृत्तीत तो पर्यायच काढून टाकला. ते का, हे हिरोशिमा आणि नागासाकीच्या देशाला विचारायची गरज नाही. म्हणून परदेशी परीक्षण वाचून जपानी आवृत्तीबद्दल, किंवा जपानी अक्षर बघून आपल्या दुकानातल्या आवृत्तीबद्दल छातीठोक बोलू नये. ज्या डबीतून डिस्क बाहेर काढणार, त्याच डबीवरचं चिन्ह खरं.

सातवी पायरी: डाउनलोड, मोबाइल आणि कॉम्प्युटर

डबी आहे तोवर ठीक. डबी नसेल तर सेरोही बहुधा नसतो.

फक्त डाउनलोडनं विकल्या जाणाऱ्या छोट्या गेमवर जपानी ऑनलाइन दुकानांतही बऱ्याचदा आयएआरसी या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे आकडे दिसतात: ३+, ७+, १२+, १६+, १८+. इथे माणूस चित्रण बघत बसत नाही. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो आणि त्यावरून आकडा निघतो. तक्रार आली की नंतर तपासणी होते. आपल्या अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये गेमच्या नावाखाली जे '१२+' वगैरे दिसतं, ते याच व्यवस्थेचं. आयफोनवर अ‍ॅपलचे स्वतःचे वेगळे टप्पे आहेत.

जपानी मोबाइल गेमचं दुखणं मात्र वयाच्या आकड्यात मावत नाही. ते आहे गाचा. नाणं टाकून गोळा पाडायच्या खेळण्याच्या यंत्रावरून आलेला हा शब्द. पैसे भरा, काय पात्र निघेल ते नशिबावर. संच पूर्ण केला की मोठं बक्षीस, असा गाचा जपानमध्ये इतका बोकाळला की २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्यानं तो प्रकार बेकायदा ठरवला. साधा गाचा अजून जोरात आहे. ईएसआरबी आणि पेगी डबीवर गेममधल्या खरेदीची सूचना छापतात. सेरोच्या नऊ चित्रांत तसं चित्र नाही. जुगाराचं चित्र आहे, पण ते गोष्टीत दाखवलेल्या जुगाराचं. म्हणून फोनवर जपानी गेम उतरवण्याआधी प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा. यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर तो आज रात्रीच बदला.

कॉम्प्युटरचं जग निराळंच. जपानात प्रौढांसाठीच्या पीसी गेमचा मोठा बाजार आहे आणि त्याला सेरो नाही, वेगळी संस्था बघते. १९९१ मध्ये एका शाळकरी मुलानं असा गेम दुकानातून चोरला, त्यावरून गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी ती संस्था स्थापन झाली. आपल्याला याचं काय? एवढंच की मुलांना आवडणाऱ्या काही अ‍ॅनिमेंचं मूळ तिथे आहे. 'फेट/स्टे नाइट' २००४ मध्ये प्रौढांचा पीसी गेम म्हणून आला. नंतर आक्षेपार्ह भाग काढून तो प्लेस्टेशनवर आला आणि २०२४ मध्ये त्याची तशीच सौम्य केलेली नवी आवृत्ती स्विचवर आणि स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात आली. नाव एकच असल्यानं इंटरनेटवर शोधताना मूल कुठल्या आवृत्तीवर जाऊन पोचेल याचा नेम नाही. अधिकृत दुकानातून घेतलेली नवी आवृत्ती, हा त्यावरचा साधा तोडगा.

आठवी पायरी: कुलूप लावा

अक्षर कळलं, आता ते यंत्राला सांगायचं.

स्विचवर सेटिंगमध्ये पालक नियंत्रण आहे. वयाच्या तयार पातळ्या आहेत, पण मी स्वतः ठरवण्याचा पर्याय घेतो, कारण तिथे कुठल्या संस्थेचं रेटिंग धरायचं हे निवडता येतं. जपानी डब्या घरात असतील तर सेरो निवडा, अमेरिकन असतील तर ईएसआरबी. मग वय टाका. एखादा गेम तुम्हाला अपवाद म्हणून चालत असेल तर तो यादीत वेगळा मोकळा करता येतो. हे सगळं निन्टेंडोच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमधून फोनवरही होतं, आणि रोज किती वेळ खेळला हेही त्यात दिसतं. वेळ संपल्यावर गेम आपोआप थांबवायचा की नुसती सूचना द्यायची, हे तुमच्या हातात. मी पहिले काही दिवस नुसती सूचना ठेवायला सांगतो. ऐन लढाईत पडदा काळा झाला तर घरात दुसरी लढाई सुरू होते.

प्लेस्टेशन ५ वर मुलाचं वेगळं खातं काढा आणि ते कुटुंबाच्या खात्याला जोडा. आपल्याच खात्यावर मुलाला खेळू दिलं तर बाकीचं सगळं फुकट. तिथे गेमसाठी वयाची पातळी, खर्चाची मर्यादा आणि अनोळखी लोकांशी बोलणं, तिन्ही वेगवेगळं बंद करता येतं. खातं काढताना देश विचारपूर्वक निवडा. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश नंतर बदलत नाही, आणि जपानी डिस्कला जोडून घ्यायचे जादा भाग जपानी खात्यावरूनच घ्यावे लागतात. स्टीमवर कुटुंबाचा गट करून मुलाला नेमके कुठले गेम दिसावेत ते एकेक करून ठरवता येतं. हा मला सगळ्यांत स्वच्छ मार्ग वाटतो, कारण त्यात वयाचा हिशेबच नाही, तुमची निवड आहे.

प्रत्येक ठिकाणी एक पिन मागतील. तो मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, गाडीच्या नंबरचा ठेवू नका, आणि टाकताना मुलाला मागे उभं राहू देऊ नका. ताईच्या घरी हे सगळं मी मोठ्या ऐटीत करून दिलं, पिन म्हणून आजोबांचं जन्मवर्ष ठेवलं आणि चहा प्यायला बसलो. कप संपायच्या आत भाच्यानं आतून हाक मारली, "मामा, आजोबा एकोणीसशे एक्कावन्नचे ना?"